क्रू रिसोर्स मॅनेजमेंट : विमानाबाहेरील वापर

क्रू रिसोर्स मॅनेजमेंट (संक्षेप : सीआरएम) : विमानातील चमूने एकमेकांची माहिती, कौशल्य आणि शंका वेळेत उपयोगात आणाव्यात, यासाठीचे प्रशिक्षण. यात विमान उडवायला शिकवत नाहीत. ज्यांना ते उत्तम येते, त्यांनी मिळून काम कसे करायचे, हे शिकवतात. गेल्या चार दशकांत ही पद्धत शस्त्रक्रियागृहे, जहाजे, रेल्वे, तेलविहिरी आणि कारखाने यांपर्यंत गेली. नाशिकमध्ये विमाननिर्मिती, सैन्याच्या हेलिकॉप्टर वैमानिकांचे प्रशिक्षण, रुग्णालये, औद्योगिक वसाहती आणि दर बारा वर्षांनी भरणारा सिंहस्थ हे सारे एकाच जिल्ह्यात असल्याने या स्थलांतराचा विचार येथे नुसता पुस्तकी राहत नाही.

उगम : २७ मार्च १९७७ रोजी तेनेरीफ बेटावरील विमानतळावर दाट धुक्यात दोन बोइंग ७४७ विमाने धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मेली. उड्डाणासाठी धावू लागलेल्या केएलएम या डच कंपनीच्या विमानात उड्डाण अभियंत्याला शंका आली होती की समोरचे विमान अजून धावपट्टीवरच असावे. त्याने तसे विचारलेही. कॅप्टन कंपनीतला ज्येष्ठ प्रशिक्षक होता. त्याच्या ठाम उत्तरापुढे शंका तिथेच विरली. पुढच्या वर्षी, २८ डिसेंबर १९७८ रोजी, युनायटेड एअरलाइन्सचे डीसी-८ पोर्टलंडजवळ इंधन संपून कोसळले. कॅप्टन चाकांच्या बिघाडात गुंतला होता. इंधन कमी होत असल्याचे सहकारी सांगत होते, पण आडून आडून. दहा जण दगावले. कॅप्टनने इतरांना निर्णयात सहभागी करून घ्यावे आणि इतरांनी ठामपणे बोलावे, दोन्ही शिकवण्याची गरज तपासातून पुढे आली. १९७९ मध्ये नासाने या विषयावर कार्यशाळा घेतली आणि १९८१ मध्ये युनायटेडने प्रशिक्षण सुरू केले. प्रारंभी नावात ‘कॉकपिट’ होते. केबिन कर्मचारी, देखभाल आणि जमिनीवरची माणसेही यात येतात हे उमगल्यावर त्याचे ‘क्रू’ झाले.

पद्धत रुजल्याचे उदाहरण म्हणून १९ जुलै १९८९ चे सू सिटीचे विमान सांगतात. डीसी-१० च्या तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा, म्हणजे विमान वळवणारे भाग तेलाच्या दाबाने हलवणाऱ्या यंत्रणा, निकामी झाल्या होत्या. कॅप्टन अल हेन्स यांनी प्रवासी म्हणून बसलेल्या एका प्रशिक्षक वैमानिकाला कॉकपिटमध्ये घेतले आणि इंजिनांच्या जोरावरच विमान वळवले. २९६ पैकी १८४ जण वाचले. आपल्याकडचे उदाहरण उलट बाजूचे आहे. २२ मे २०१० रोजी मंगळूरला उतरताना सहवैमानिकाने पुन्हा वर घेण्याची सूचना तीनदा केली, पण विमान उतरवण्यात आले. १५८ जण मृत्युमुखी पडले. भारतात विमान कंपन्यांना हे प्रशिक्षण बंधनकारक आहे, हे येथे लक्षात ठेवावे. प्रशिक्षण झाले म्हणजे सवय बदलली, असे नव्हे.

घटक : उड्डाणापूर्वीचे ब्रीफिंग, नंतरचे डीब्रीफिंग, चेकलिस्ट, ऐकलेली सूचना परत म्हणून दाखवणे, कामांची वाटणी. सगळ्यांत अवघड घटक म्हणजे पायरीपायरीने ठाम होत बोलणे. मराठीत याची अडचण वेगळीच. ‘साहेब, जरा बघता का?’ ही आपली पहिली पायरी, आणि बहुतेकदा शेवटचीही. दुसऱ्या पायरीवर धोका नाव घेऊन सांगायचा, उदाहरणार्थ कारखान्यात यंत्राचे संरक्षक आवरण (गार्ड) उघडे असेल तर : ‘साहेब, गार्ड उघडं आहे, मला हे बरोबर वाटत नाही.’ तिसऱ्या पायरीला आर्जव संपते : ‘साहेब, मशीन थांबवा.’ ‘साहेब’ तिन्ही वाक्यांत टिकतो, ‘तुम्ही’चा ‘तू’ कुठेच होत नाही; आदर काढून टाकावा लागत नाही. परदेशी प्रशिक्षणातली नावाने हाक मारण्याची पद्धत जशीच्या तशी आणली, तर हेल्पर आधीच गप्प होता तो आणखी गप्प होईल, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

वैद्यक : भूलशास्त्रात १९९० च्या सुमारास स्टॅनफर्डच्या डेव्हिड गाबा यांनी सिम्युलेटरवर असे प्रशिक्षण सुरू केले. जागतिक आरोग्य संघटनेची १९ मुद्द्यांची शस्त्रक्रिया चेकलिस्ट २००८ मध्ये आली. नवी दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत झालेल्या अभ्यासात मृत्यूचे प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आले. पुढे कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात १०१ रुग्णालयांना ती लागू केली, तेव्हा २०१४ च्या अहवालात मृत्यूंमध्ये लक्षणीय घट दिसली नाही. त्याची कारणे वादग्रस्त आहेत. कागद पोचला, चमूचे प्रशिक्षण पोचले नाही, हे त्यांतले एक मानले जाते. चीर देण्याआधी प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगायचे, हा यादीतला मुद्दा अनेकांना पोरकट वाटतो. पण एकदा आवाज उमटलेली सिस्टर पुढे मॉपचा (रक्त टिपायच्या कापडी घड्यांचा) हिशेब जुळत नसल्याचे सांगायला कचरत नाही. राज्यभरातील वैद्यकीय आणि परिचर्या महाविद्यालये ज्याला संलग्न आहेत ते महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकलाच आहे. एका अभ्यासक्रमातला बदल किती दूर जाऊ शकतो, याचा अंदाज त्यावरून यावा.

कारखाने व रेल्वे : ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये मिग आणि नंतर सुखोई-३० एमकेआय विमाने तयार झाली. देखभाल क्षेत्रासाठी याच प्रशिक्षणाची वेगळी शाखा आहे. १९८८ मध्ये अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ च्या छताचा मोठा भाग आकाशात असताना उडाला, तपासणीत भेगा सुटल्याचे निघाले आणि या शाखेला जोर आला. सातपूर-अंबडच्या वसाहतींत तिचा सर्वांत थेट उपयोग पाळी बदलताना होईल. रात्रपाळीचा ऑपरेटर घराकडे निघालेला असतो, ‘मशीन थोडं आवाज करतंय’ एवढेच सांगून चार्ज देतो. मेंटेनन्सने काय उघडले, यंत्र चुकून सुरू होऊ नये म्हणून कोणते कुलूप-टॅग लावले, काय अर्धवट राहिले हे घेणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने परत म्हणावे, एवढी एक सवयही पुरते. रेल्वेत ती जुनीच आहे : लोको पायलट आणि सहायक सिग्नल एकमेकांना पुकारतात. वैमानिकांच्या ‘परत म्हणण्या’शी हिचे नाते जवळचे, पण तिला कोणी मोठे नाव दिले नाही. जहाजांवर तर खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय करारातील २०१० च्या मनिला दुरुस्त्यांनी अशी कौशल्ये प्रमाणपत्रासाठी आवश्यक केली.

सिंहस्थ : २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या चेंगराचेंगरीत तीसहून अधिक भाविकांचा जीव गेला. पर्वणीच्या दिवशी पोलीस, महापालिका, अग्निशमन दल, रेल्वे आणि आरोग्य खाते एकाच गर्दीवर काम करतात. चमू एक, पण प्रत्येकाचा वरिष्ठ वेगळा. कॉकपिटमध्ये कॅप्टन कोण हा प्रश्न उद्भवत नाही, इथे तोच आधी सोडवावा लागतो. दुसरी अडचण शब्दांची. वायरलेसवर ‘रस्ता बंद’ म्हटले, तर तो भाविकांसाठी बंद की रुग्णवाहिकेसाठीही, हे खात्यांनी आधी बसून ठरवलेले नसेल, तर संदेश दहादा परत म्हणून दाखवला तरी दोघे दोन वेगळे रस्ते बंद करतील.