हाय-पॉइंट कार्बाइन

हाय-पॉइंट कार्बाइन ही पिस्तुलाचे काडतूस झाडणारी, खांद्याला लावून चालवायची अर्धस्वयंचलित बंदूक आहे. ती अमेरिकेतील ओहायो राज्यात बनते. ९ मिमी काडतुसाचे ‘९९५’ हे तिचे सर्वांत परिचित रूप असून .४० आणि .४५ या काडतुसांसाठी अनुक्रमे ‘४०९५’ आणि ‘४५९५’ ही भावंडे आहेत. नव्या बंदुकीची किंमत साधारण ३०० ते ३५० डॉलर पडते. रुगरसारख्या नामांकित कंपनीच्या याच जातीच्या बंदुकीला ६०० डॉलरच्या वर मोजावे लागतात. एवढा फरक कुठून आला, याचे उत्तर या बंदुकीच्या जवळजवळ प्रत्येक भागात सापडते. स्वस्त वस्तू म्हणजे निष्काळजीपणे केलेली वस्तू, हा समज इथे लागू पडत नाही. कमी किंमत हे उद्दिष्ट आधी ठरले आणि बंदूक त्यानुसार घडवली गेली.

पिस्तूल आणि रायफल यांना एकच काडतूस चालावे ही कल्पना जुनी आहे. विंचेस्टरची १८७३ ची रायफल .४४-४० काडतुसावर चालत असे आणि १८७८ पासून कोल्टचे रिव्हॉल्वरही त्याच काडतुसात मिळू लागले. घोड्यावरून दूर जाणाऱ्या माणसाला कमरेला एकाच प्रकारची काडतुसे बांधून दोन्ही शस्त्रे चालवता येत. आज कमरपट्ट्याची ती गरज उरलेली नाही, पण काडतुसांचा खर्च आणि साठवण यांचा हिशेब तोच आहे. ज्याच्या घरी ९ मिमीचे पिस्तूल आहे, त्याला कार्बाइनसाठी वेगळी काडतुसे घ्यावी लागत नाहीत.

हाय-पॉइंटची सुरुवात १९९२ मध्ये टॉम डीब यांनी ओहायोतील मॅन्सफील्ड या कारखानदारीच्या गावी केली. आधी पिस्तुले आली, कार्बाइन नंतर. दोन्हींत ‘झमॅक-३’ हा जस्ताचा मिश्रधातू मुख्य आहे. त्यात सुमारे ४ टक्के अ‍ॅल्युमिनियम असते आणि तो ३८५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो. पोलादाला त्यासाठी १४०० अंशांच्या वर जावे लागते. त्यामुळे झमॅक दाबाने साच्यात ओतता येतो, साचा पुन्हा पुन्हा वापरता येतो आणि बाहेर आलेल्या तुकड्यावर यंत्रकाम थोडेच उरते. बंदुकीच्या किमतीत धातूपेक्षा तो कापण्या-घासण्याचा खर्च मोठा असतो आणि तोच इथे वाचतो. कार्बाइनची नळी पोलादी असते, कारण तिथे पर्याय नाही. बोल्ट, म्हणजे काडतुसाला मागून आधार देणारा आणि मागे-पुढे सरकणारा ठोकळा, आणि त्याला सामावणारा सांगाडा ओतीव झमॅकचा, वरचे झाकण ठोकून आकार दिलेल्या पत्र्याचे आणि खांद्याला टेकवायचा दस्ता प्लॅस्टिकचा असतो. झमॅक पोलादाइतका मजबूत नसल्याने भाग जाड ठेवावे लागतात. म्हणून बंदूक दिसायला ओबडधोबड आहे आणि हातात घेतली की पावणेतीन किलोंच्या पुढचे तिचे वजन लगेच जाणवते.

पण हे जडपण नुसते सोसायचे ओझे नाही, यंत्रणा त्याच्यावरच चालते. ही बंदूक ‘ब्लोबॅक’ तत्त्वाची आहे. गोळी सुटताना बोल्टला जागेवर धरून ठेवणारे कोणतेही कुलूप तिच्यात नाही. बोल्टचे वस्तुमान आणि मागची स्प्रिंग यांच्याच जोरावर काडतूस क्षणभर दबून राहते आणि तेवढ्यात गोळी नळीबाहेर पडते. साधा हिशेब मांडून पाहावा. ९ मिमीची नेहमीची गोळी साडेसात ग्रॅमची असते आणि लांब नळीतून ती सेकंदाला ३८० मीटरच्या आसपास वेगाने निघते. अर्ध्या किलोचा बोल्ट धरला, तर जळालेल्या वायूचा वाटा सोडूनही तो साडेपाच मीटर प्रतिसेकंदाच्या पुढच्या वेगाने मागे येतो. बोल्ट हलका केला तर तो याहून वेगाने येईल, काडतुसाची पुंगळी वेळेआधी नळीतून मागे निघेल आणि भाग लवकर झिजतील. त्यामुळे ब्लोबॅक बंदुकीत वजन हवेच आणि स्वस्त जस्ताचा जाड ठोकळा ते सहज पुरवतो. धातूची उणीव आणि यंत्रणेची गरज यांची इथे गाठ पडली. या बंदुकीतली ही सर्वांत हुशार गोष्ट आहे आणि तिचे श्रेय आराखडा करणाऱ्याला द्यायलाच हवे.

मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे ‘कार्बाइन’ म्हटले की पोलिसाच्या खांद्याला लटकणारी, आडवे मॅगझिन (काडतुसे भरायची पेटी) असलेली काळी बंदूक येते. ती ब्रिटिश स्टर्लिंगवरून कानपूरच्या कारखान्यात बनवलेली ९ मिमी कार्बाइन. तत्त्व तिचेही ब्लोबॅकच आहे. पण ती चाप दाबून धरला की सलग फैरी झाडू शकते, म्हणजे खरे तर सबमशीनगन आहे. हाय-पॉइंट दर वेळी चाप ओढल्यावर एकच गोळी झाडते. भारतात सैन्य-पोलिसांचे ९ मिमी काडतूस झाडू शकणारी कार्बाइन सामान्य परवान्यावर मिळत नाही, त्यामुळे या प्रकाराची हौशी नेमबाजी आपल्याकडे रुजलेली नाही. शस्त्रनिर्मितीत मात्र महाराष्ट्राचा थेट संबंध आहे. जानेवारी २०२१ मध्ये पुढे आलेले ‘अस्मी’ हे ९ मिमीचे स्वयंचलित शस्त्र पुण्यातील पाषाणच्या ‘एआरडीई’ या संरक्षण संशोधन संस्थेने महूच्या इन्फंट्री स्कूलबरोबर विकसित केले.

हाय-पॉइंट कार्बाइनच्या रूपावर १९९४ च्या अमेरिकी संघीय कायद्याचाही ठसा आहे. त्या कायद्याने काही अर्धस्वयंचलित रायफलींवर बंदी आणली. काढता येणारे मॅगझिन आणि त्यासोबत घडीचा दस्ता, बाहेर आलेली पिस्तुली मूठ, संगीन लावायची सोय, नळीचा आटे पाडलेला शेवट यांसारखी दोन वैशिष्ट्ये असली की रायफल बंदीखाली येई. नव्या मॅगझिनला १० काडतुसांची मर्यादा होती. ९९५ मध्ये दस्ता स्थिर, मॅगझिन मुठीतच बसणारे आणि १० काडतुसांचे. कायदा २००४ मध्ये संपला, तरी कारखान्याचे मॅगझिन १० चेच राहिले. नळीची साडेसोळा इंच लांबीही कायद्यातूनच आली आहे. १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्टनुसार १६ इंचांहून आखूड नळीची रायफल वेगळ्या, कडक नोंदणीत मोडते.

परवानाधारक दुकानातून ही बंदूक घेण्यासाठी संघीय कायद्याने वय १८ लागते. पिस्तुलासाठी २१. खरेदीदार अर्ज भरतो, दुकानदार पार्श्वभूमी तपासून घेतो आणि हरकत नसेल तर बंदूक बहुतेक राज्यांत त्याच दिवशी हाती येते. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क अशा राज्यांचे नियम याहून बरेच कडक आहेत. नोकरीच्या किंवा शिक्षणाच्या तात्पुरत्या व्हिसावर अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसांनी एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. अशा व्हिसावर बंदूक वा काडतुसे बाळगणे हा मुळात संघीय गुन्हा आहे. शिकारीचा वैध परवाना असणे यांसारखे मोजके अपवादच त्याला आहेत. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही आडकाठी नाही.

या बंदुकीचा इतिहास सांगताना २० एप्रिल १९९९ हा दिवस टाळता येत नाही. कोलोरॅडोतील कोलंबाइन हायस्कूलमध्ये दोन विद्यार्थ्यांनी १२ विद्यार्थी आणि एका शिक्षकाला ठार केले. त्यांच्यापैकी एकाकडे ९९५ होती आणि त्याने तिच्यातून ९६ गोळ्या झाडल्या. मॅगझिन दहाचे असले तरी त्याने जवळ अनेक मॅगझिने बाळगली होती. ही बंदूक शस्त्रांच्या प्रदर्शनात एका खासगी विक्रेत्याकडून, १८ वर्षे पूर्ण झालेल्या मैत्रिणीमार्फत मिळवली गेली. दुकानात झाली असती ती तपासणी तिथे झालीच नाही. ती पळवाट कोलोरॅडोच्या मतदारांनी नोव्हेंबर २००० मध्ये सार्वमताने बंद केली. बंदुकीच्या गुणदोषांची चर्चा करताना ही घटना तळटीपेत ढकलणे मला प्रामाणिक वाटत नाही. स्वस्त आणि सोपी बंदूक नवशिक्याला जशी सोयीची पडते, तशीच ती चुकीच्या हातातही पडते.

नेमबाजीच्या मैदानावर ९९५ चा स्वभाव चटकन कळतो. खांदा, गाल आणि दोन हात अशा चार ठिकाणी आधार मिळाल्याने पिस्तुलावर थरथरणारा नवशिक्याही २५ यार्डांवर गोळ्या एका तळहाताच्या आत ठेवू शकतो. धक्का फार नसतो, पण त्याची जात वेगळी आहे. गोळी सुटताना एक आणि जड बोल्ट मागे जाऊन आदळताना दुसरा, असे दोन टप्पे खांद्याला जाणवतात. चापाची ओढ लांब आणि काहीशी खरखरीत आहे. नेम ५० यार्डांवर जुळवला, तर १०० यार्डांवर गोळी सुमारे १५ सेंटिमीटर खाली लागते. पाच-सात यार्डांवरही ती नेमाच्या खालीच लागते, कारण नेमाची रेषा नळीच्या काही सेंटिमीटर वर असते. शंभर यार्डांपलीकडे हे काडतूस ताणू नये. याची ऊर्जा रायफलीच्या ५.५६ मिमी काडतुसाच्या एक तृतीयांशाच्या आसपासच असते. अनेक बंदिस्त मैदानांवर रायफलीला मनाई आणि या कार्बाइनला परवानगी असते, त्याचे कारणही हेच.

अडचणींचा उगम बहुधा मॅगझिनमध्ये असतो. त्याच्या तोंडाशी काडतूस धरून ठेवणारे पत्र्याचे ओठ किंचित वाकले की काडतूस चुकीच्या कोनात वर येते आणि अडकते. डाव्या बाजूची बोल्ट ओढायची मूठ आट्यांवर बसवलेली आहे आणि आदळआपटीने ती सैल होते. म्हणून अनुभवी मालक मैदानावर जाताना षट्कोनी पाना सोबत ठेवतात. पूर्ण साफसफाईसाठी स्क्रू काढून बंदूक दस्त्यातून उचलावी लागते आणि इथे या बंदुकीची स्वस्ताई खरोखर त्रास देते. गोळीबाराचा आवाज १४० डेसिबलच्या वर जात असल्याने कानांना संरक्षण हवेच. डोळ्यांवर चष्मा हवा आणि नंतर शिशाचे कण जावेत म्हणून हात साबणाने धुवायला हवेत.

बंदूक स्वस्त असली तरी छंद स्वस्त नाही. ९ मिमीचे एक काडतूस २५ सेंटच्या आसपास पडते असे धरले, तर दोनशे गोळ्यांची एक दुपार ५० डॉलरला जाते. अशा सहा-सात दुपारी झाल्या की बंदुकीच्या किमतीएवढा खर्च काडतुसांवर होतो. मैदानाचे शुल्क वेगळे. २०२० च्या टंचाईत तर काडतुसांचे भाव दुपटी-तिपटीला गेले होते. यूएसपीएसए या अमेरिकी स्पर्धा-संघटनेने २०१६ मध्ये पिस्तूल-काडतुसी कार्बाइनचा स्वतंत्र गट सुरू केला, तेव्हापासून या प्रकाराला मोठा प्रेक्षक मिळाला. तिथे वरच्या स्थानांवर मोठ्या मॅगझिनच्या, हलक्या चापाच्या महागड्या बंदुका असतात. गावच्या क्लबातल्या शनिवारच्या सामन्यात उतरायला मात्र ९९५ पुरते.

कंपनीची हमी आजीवन असून ती मालकाबरोबर संपत नाही. बंदूक कितव्या हाताची आहे हे न विचारता दुरुस्ती करून दिली जाते. त्यामुळे जुनी ९९५ विकत घेणाऱ्याने नळी आतून स्वच्छ आहे ना, मॅगझिनचे ओठ सरळ आहेत ना आणि बोल्टची मूठ घट्ट बसली आहे ना एवढे पाहिले, तरी व्यवहार सहसा फसत नाही.