मुंबई–लंडन : हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ

मुंबई ते लंडन हे हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे आणि ते जाताना जितके, तितकेच येतानाही. पृथ्वीच्या गोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरला की जी सर्वांत आखूड रेषा मिळते, तिची ही लांबी; इथवर कोणाचा घोटाळा होत नाही. तो होतो पुढे, जेव्हा हे अंतर ताशी ९०० किलोमीटरने भागून ‘आठ तास’ असे उत्तर काढले जाते आणि प्रत्यक्षात जाताना साडेनऊ-दहा तास, तर परतताना नऊच्या आसपास का लागतात, याचे खापर पृथ्वीच्या फिरण्यावर फोडले जाते.

हे कारण मुलांनाही छातीठोकपणे सांगितले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते. विमानाखालून पृथ्वी पूर्वेकडे सरकत असती, तर पश्चिमेचे लंडन आपल्या दिशेने येऊन जातानाचा प्रवास छोटा झाला असता. घडते नेमके उलट. पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते आणि विमान त्या हवेतच असते. पृथ्वीच्या फिरण्याचा संबंध आहे, तो उंचावरच्या वाऱ्यांना पूर्वेकडे वळवण्यापुरता.

ताशी ९०० हा वेग विमान ज्या हवेतून जाते त्या हवेच्या तुलनेतला आहे, जमिनीच्या तुलनेतला नव्हे, आणि साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर ती हवा जेट प्रवाहाच्या, म्हणजे वेगवान वाऱ्याच्या अरुंद पट्ट्याच्या, रूपाने पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत असते, हिवाळ्यात तर अधिकच जोराने. समोरून ताशी ९० किलोमीटरचा वारा सतत आहे असे धरले, तर जमिनीवरचा वेग ८१० होऊन ८ तास ५३ मिनिटे लागतात. तोच वारा पाठीशी असेल तर ७ तास १६ मिनिटे. बेरीज १६ तासांहून ९ मिनिटे जास्त भरते, कारण विमान उलट्या वाऱ्यात अधिक वेळ राहते. म्हणून ‘जाताना गेले ते येताना भरून निघते’ हेही खरे नाही. ज्यांना पटत नाही त्यांनी दोन्ही वेळा आसनासमोरच्या पडद्यावरचा जमिनीवरचा वेग टिपून ठेवावा. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्याच्या पाठबळावर ब्रिटिश एअरवेजचे एक विमान न्यूयॉर्कहून पाच तासांच्या आत लंडनला पोहोचले होते. उलट दिशेला एरवी सात-आठ तास लागतात.

उरलेला वेळ वळशांत आणि धावपट्टीपर्यंतच्या रांगेत जातो. ती आखूड रेषा पाकिस्तान, इराण आणि युक्रेनवरून जाते, आणि युक्रेनचे आकाश फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे.

तिकिटावरच्या दोन वेळा त्या त्या शहराच्या घड्याळाच्या असतात, त्यांची नुसती वजाबाकी मात्र करू नये: लंडनला जाताना त्या वजाबाकीत हिवाळ्यात साडेपाच तास मिळवावे लागतात, उन्हाळ्यात साडेचार.