गावची जुनी बाव (विहीर) राज्य संरक्षित स्मारक व्हावी म्हणून प्रस्ताव कसा द्यायचा?

चिरेबंदी बांधकाम, वर घुमटी, आत जिवंत झरा अशा जुन्या बावी कोकणात अजून कितीतरी गावांत आहेत. दुरुस्तीचा निधी आला की आधी सिमेंटचा गिलावा होतो आणि जांभ्याच्या ज्या फटींतून पाणी पाझरतं, नेमक्या त्याच बुजतात. म्हणून निधीच्या मागे लागण्याआधी प्रस्ताव द्या.

आधार आहे महाराष्ट्राचा 1960 चा प्राचीन स्मारकांचा अधिनियम. वास्तू नुसती जुनी असून भागत नाही. ऐतिहासिक, पुरातत्त्वीय किंवा कलात्मक महत्त्व दाखवावं लागतं. शिलालेख, कोरीव गोमुख, कोनाड्यातली मूर्ती, कठड्याच्या दगडावर दोराने पडलेल्या खाचा, सगळ्याचे जवळून फोटो काढा. शिलालेखाला चुना किंवा रंग मात्र अजिबात लावू नका.

जमीन खासगी किंवा देवस्थानची असली तरी चालतं, घोषणेने मालकी बदलत नाही. तरी हिस्सेदारांची संमतीपत्रं जोडाच. सातबाऱ्यावरची निम्मी नावं मुंबईला असतात, तेव्हा सह्या गणपतीत घ्या. सोबत ग्रामसभेचा ठराव (गणपूर्ती 15 टक्के किंवा 100 मतदार, यांपैकी कमी असेल ती), सातबारा, गाव नकाशा आणि मोजमापं.

नकाशात फक्त बाव दाखवून थांबू नका. पावसाचं पाणी सड्यावरच्या, म्हणजे माथ्यावरच्या कातळ पठारावरच्या, जांभ्यात मुरतं, खालच्या चिकणमातीशी अडतं आणि उतारावर झरा होऊन बाहेर येतं. कायद्यातल्या स्मारकाच्या व्याख्येत जतनासाठी लागणारी लगतची जमीन आणि तिथे जायची वाटही येते. तेव्हा झऱ्याचं तोंड, पाट आणि पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) हद्दीत घ्या. अख्खा सडा त्यात बसणार नाही. तिथे चिरेखाण आणि बोअर नको, असा ग्रामसभेचा वेगळा ठराव करा. झरा आटला तर नुसते चिरे राखून काय उपयोग?

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या गावांनी अर्ज रत्नागिरीच्या पुरातत्त्व विभागाच्या सहायक संचालकांकडे द्यावा आणि पोच घ्यावी. पाहणी होऊन प्रस्ताव मुंबईच्या संचालनालयामार्फत शासनाकडे जातो. राजपत्रात प्राथमिक अधिसूचना निघते, तिची प्रत स्मारकाजवळही लावतात. हरकतींना दोन महिने मिळतात, मग अंतिम अधिसूचना. त्यानंतर परवानगीशिवाय एक चिराही हलवता येत नाही. म्हणून बावीवर आजही पाणी भरतात, देवाच्या अभिषेकाला इथलंच पाणी जातं, असं काही असेल तर ते अर्जातच स्पष्ट लिहा.