मीटरगेज आणि बार्शी लाईट : सोलापूरच्या दोन ‘छोट्या गाड्या’

सोलापुरात जुन्या रेल्वेचे फोटो जपून ठेवलेली घरं बरीच आहेत. कुणाचे आजोबा लोकोशेडला होते, कुणाचे मामा गुड्स गार्ड, तर कुणाच्या घरी नुसतीच हौस. या फोटोंत लहानसं वाफेचं इंजिन दिसलं की खाली हमखास ‘बार्शी लाईट’ असं लिहिलेलं आढळतं. पुष्कळदा ते इंजिन बार्शी लाईटचं, म्हणजे कुर्डुवाडी-बार्शीकडच्या नॅरोगेज रेल्वेचं, नसतंच. ते असतं सोलापूरजवळच्या होटगीवरून विजापूर-गदगकडे जाणाऱ्या मीटरगेजचं. एका ओळीच्या चुकीने एका आख्ख्या मार्गाची आठवण दुसऱ्याच्या नावावर जमा होते, म्हणून हा फरक नीट मांडायला हवा.

आपला जिल्हा रेल्वेप्रेमींसाठी भाग्याचा. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा ब्रॉडगेज मार्ग १८६० मध्ये सोलापूरला पोहोचला. पुढे दक्षिणेकडून होटगीला मीटरगेज येऊन मिळाली आणि तिच्या गाड्या सोलापूर स्टेशनापर्यंत येऊ लागल्या. पश्चिमेला कुर्डुवाडीहून, म्हणजे तेव्हाच्या बार्शी रोडहून, नॅरोगेजची बार्शी लाईट निघाली. ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर, मीटरगेजचं १०००, बार्शी लाईटचं ७६२. म्हणजे मीटरगेज आणि बार्शी लाईट यांच्यात फरक २३८ मिलिमीटरचा, जेमतेम वीतभर. ब्रॉडगेजशेजारी दोन्ही लहानच दिसणार.

गोंधळाचं आणखी एक कारण आहे आणि ते फोटोत लगेच दिसतं. जुन्या ब्रॉडगेज डब्याच्या तोंडाशी दोन बाजूंना धक्का झेलणारे दोन गोल बफर असतात. मीटरगेज आणि नॅरोगेजला मात्र मधोमध एकच बफर, त्यालाच जोडणीचा आकडा. एकच बफर पाहिला की माणूस ‘नॅरोगेज’ म्हणून मोकळा होतो. शिवाय दोन्ही मार्गांचा माल ब्रॉडगेजच्या वाघिणीत, म्हणजे मालडब्यात, चढवताना हमालांना तो उतरवून पुन्हा भरावा लागे. आणि २००० नंतरच्या दहा-एक वर्षांत दोन्ही मार्ग ब्रॉडगेज झाले. एकत्रच गेल्यामुळे आठवणीतही दोन्ही गाड्या एकत्र झाल्या.

पण या वीतभर फरकाच्या मागे दोन वेगळे विचार उभे आहेत.

मीटरगेज हा सरकारी काटकसरीचा निर्णय. व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या काळात ठरलं की ब्रॉडगेज परवडत नाही तिथे एक मीटरचे रूळ टाकायचे. १८७३ मध्ये दिल्ली-रेवाडी मार्गावर पहिली गाडी धावली आणि नंतर देशभर मीटरगेजचं जाळं विणलं गेलं. आपल्याकडे १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ पडून गेला होता. धान्य वेळेवर पोहोचत नाही म्हणून माणसं मरतात, हे सरकारला दिसलं होतं. त्यातून १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे उभी राहिली आणि होटगी-गदग मार्ग तिनेच बांधला. सोलापुरात मीटरगेजच्या डब्यात बसलेला माणूस गदग, हुबळी करत त्याच रुंदीच्या रुळांवरून थेट म्हैसूर मुलखात जाऊ शकत असे. म्हणून मीटरगेजला मुख्य मार्गच म्हटलं पाहिजे, फक्त अंग आवरून बांधलेला. तिला एक्सप्रेस गाड्या होत्या, झोपायचे डबे होते.

इंजिनंही त्याच तोलाची. स्वातंत्र्यानंतर देशभरातल्या मीटरगेजवर जी प्रमाण इंजिनं आली, ती म्हणजे प्रवासी गाड्यांसाठी वायपी आणि मालगाड्यांसाठी वायजी. वायपीची चाकं ४-६-२ अशी : पुढे चार लहान, मध्ये ओढणारी सहा मोठी, मागे दोन. ओढणारी चाकं साडेचार फूट व्यासाची, म्हणून वेग घ्यायला मोकळी. वायजीची चाकं चार फुटांची. तिचं काम ओढण्याचं. यातली पुष्कळ इंजिनं जमशेदपूरला टाटांच्या टेल्को कारखान्यात घडली. पुढे वायडीएम-४ डिझेल आलं आणि वाफेची इंजिनं मागे पडत गेली.

बार्शी लाईट ही एका माणसाच्या हट्टाची गोष्ट. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज इंजिनिअर १८८२ मध्ये जीआयपी रेल्वेत नोकरीला आला. बार्शीची बाजारपेठ मोठी, पण रेल्वे वीसेक मैलांवरून जात होती आणि कापूस, धान्य सगळं बैलगाडीने स्टेशनला यायचं. तिथे स्वस्त रेल्वे कशी करता येईल, याचा त्याने ध्यास घेतला. १८९५ मध्ये लंडनला कंपनी स्थापन झाली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी टाऊन गाडी सुरू झाली.

कॅलथ्रॉपचा विचार मला आजही थक्क करतो. इतर मार्गांवर इंजिन जड आणि डबे हलके असत. रूळ टाकायचे ते इंजिनाच्या वजनाच्या हिशेबाने, त्यामुळे बाकीच्या गाडीपुरते ते गरजेपेक्षा भक्कम ठरत आणि पैसा वाया जाई. कॅलथ्रॉपने हिशेब उलटा मांडला. इंजिन असो, वाघीण असो, प्रवासी डबा असो, एका ॲक्सलवर, म्हणजे चाकांची जोडी जोडणाऱ्या आसावर, पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही, पण जिथे शक्य तिथे तो पाच टनांच्या जवळ न्यायचा. मग एक यार्ड (तीन फूट) लांबीला अवघा ३० पौंड वजनाचा रूळ पुरतो आणि तो रूळ पुरेपूर वापरलाही जातो. तुलनेसाठी सांगतो, मीटरगेजच्या वायपीचा ॲक्सलभार साडेदहा टनांच्या आसपास, म्हणजे बार्शीच्या दुप्पट. वीतभराचा फरक इथे खरा कळतो.

हा हिशेब जमवण्यासाठी लीड्सच्या किटसन कंपनीने ‘ए’ वर्गाची इंजिनं बनवली. चाकं ०-८-४. पुढे लहान चाक नाहीच, ओढणारी आठ, आणि मागे चार चाकांची बोगी. एकूण सहा ॲक्सल, प्रत्येकावर पाच टन, म्हणजे सुमारे तीस टनांचं इंजिन इतक्या पातळ रुळावर उभं. पाणी इंजिनाच्याच अंगावरच्या टाक्यांत, मागे टेंडर, म्हणजे कोळसा-पाण्याचा जोडडबा, नाही. डबे आणि वाघिणींच्या सांगाड्यांसाठी दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्यांचा वापर झाला आणि ते काम लीड्स फोर्ज कंपनीने केलं. सगळं सामान जहाजावर चढवण्याआधी १८९६ मध्ये लीड्सजवळच्या न्यूले इथे रूळ टाकून चालवून दाखवलं. पुढे याच माणसाने इंग्लंडमधली लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वे उभारली, तिच्यात बार्शीच्या अनुभवाची छाप स्पष्ट दिसते. बार्शीवरून इंग्लंडने धडा घेतला, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. उत्तरायुष्यात हाच कॅलथ्रॉप विमानातून उडी मारण्याच्या पॅराशूटच्या मागे लागला.

मार्ग वाढत गेला. १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर, १९२७ मध्ये मिरज. एकूण लांबी सुमारे ३२५ किलोमीटर. आषाढी-कार्तिकीला पंढरपूरची गर्दी याच बारक्या डब्यांनी वाहिली. १९५४ मध्ये सरकारने कंपनी ताब्यात घेतली. नवलाईच्या दृष्टीने पाहिलं तर माझा कौल बार्शीच्या ‘ए’ वर्गालाच आहे. पण त्या कौतुकाच्या भरात गदग लाईनकडे सोलापूरकरांनी जे दुर्लक्ष केलं, ते मला खटकतं. या शहराला कर्नाटकाशी जोडून ठेवलं ते तिने.

आता फोटो ओळखायचा कसा? सगळ्यात आधी जागा पाहा. नॅरोगेज सोलापूर स्टेशनात कधी आलीच नाही. सोलापूर किंवा होटगीच्या फलाटावरची छोटी गाडी असेल तर ती मीटरगेज, दुसरा पर्याय नाही. उलट बार्शी, पंढरपूर, सांगोला, लातूर इथे मीटरगेज कधी नव्हती. कुर्डुवाडीच्या यार्डात दोन रुंदीचे रूळ दिसले तर ते ब्रॉडगेज आणि नॅरोगेज.

जागा कळत नसेल तर इंजिनाच्या केबिनवरची अक्षरं वाचा. भारतीय रेल्वेच्या पद्धतीत पहिलं अक्षर रुळाची रुंदी सांगतं : डब्ल्यू ब्रॉडगेज, वाय मीटरगेज, झेड ७६२ मिलिमीटरची नॅरोगेज, एन ६१० मिलिमीटरची. डिझेलच्या फोटोंत हे सोपं आहे, वायडीएम म्हणजे मीटरगेज आणि झेडडीएम म्हणजे नॅरोगेज. वाफेच्या फोटोंत मात्र एक खोच आहे. बार्शी लाईटने आपल्या इंजिनांना ए, बी, एफ, जी अशी स्वतःची साधी अक्षरं दिली होती, त्यांच्या आधी झेड नाही. त्यामुळे बार्शीचं ‘जी’ आणि मीटरगेजचं ‘वायजी’ यांत घोटाळा होतो. आधीचं ‘वाय’ आहे की नाही, तेवढं भिंगाने पाहावं. टेंडरवर फारसा भरवसा ठेवू नये, कारण बार्शीच्या नंतरच्या इंजिनांनाही टेंडर होतं.

माथेरानच्या गाडीचा फोटो बार्शीच्या फोटोंत ठेवणारेही भेटतात. ती ६१० मिलिमीटरची, आणखी अरुंद. तिची जुनी वाफेची इंजिनं जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेलची, घाटातल्या तीव्र वळणांसाठी खास घडवलेली.

खरी परीक्षा मिरजेच्या फोटोंची. पुण्याहून येणारी मीटरगेज आणि पंढरपूरहून येणारी नॅरोगेज तिथे शेजारी-शेजारी उभ्या राहत. १९७१ च्या सुमारास ब्रॉडगेजही पोहोचली आणि तिन्ही रुंद्या एका स्टेशनात नांदू लागल्या. तिथल्या फोटोत जागेचा आधार उपयोगी पडत नाही, आणि अक्षरं धुरकटली असतील तर तीही नाहीत. मग इंजिनाशेजारी उभ्या माणसाची उंची आणि रुळाखालच्या आडव्या स्लीपरच्या टोकापासून रुळापर्यंतचं अंतर मापायचं. तेही जमत नसेल तर मथळ्यात फक्त ‘मिरज’ लिहावं आणि गेजची जागा कोरी सोडावी.