एका तिकिटावरचे दोन टप्पे आणि दोन तिकिटांचा एक प्रवास

बर्फाचा हंगाम जवळ आला की चिपळूणपासून पार सावंतवाडीपर्यंतच्या ओळखीपाळखीतून मला विमान तिकिटांचे स्क्रीनशॉट येऊ लागतात. कुणी ऑस्ट्रियात स्कीइंग शिकायला निघालेलं असतं, कुणी स्वित्झर्लंडला, कुणी जॉर्जियात गुदौरीला. खाली ठरलेलं वाक्य असतं: "कनेक्टिंग आहे, बघ जरा बरोबर आहे का." आणि बऱ्याचदा ते कनेक्टिंग नसतंच. ती दोन वेगवेगळी तिकिटं असतात, वेबसाइटने एका पानावर एकाखाली एक छापलेली. मधे "सेल्फ ट्रान्स्फर" (म्हणजे मधे विमान आणि बॅग बदलणं तुमचं तुम्ही बघा) असं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं आणि ते कुणीच वाचलेलं नसतं.

एका तिकिटावरचा प्रवास तुम्हाला ठाऊक आहे, त्यामुळे फार लांबण लावत नाही. मुंबई–फ्रँकफर्ट–इन्सब्रुक (ऑस्ट्रियातलं शहर) असं एक तिकीट. मुंबईत बॅग दिली की ती थेट इन्सब्रुकला. पहिलं विमान उशिरा पोचून दुसरं चुकलं, तर पुढच्या विमानात बसवून देणं ही कंपनीची जबाबदारी, रात्र पडली तर राहण्या-जेवणाची सोयही सहसा तिचीच. दोन विमानांमध्ये किमान किती वेळ हवा हे प्रत्येक विमानतळासाठी ठरलेलं असतं आणि त्यापेक्षा कमी वेळाचं तिकीट कंपनी एकत्र विकतच नाही.

दोन तिकिटांवर यातलं काहीही तुम्हाला मिळत नाही. दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही मुंबईहून आलेला प्रवासी नसताच. तुम्ही फ्रँकफर्टला राहणारा कुणीतरी आहात आणि वेळेवर काउंटरवर यायला हवं होतं, आला नाहीत. पहिलं विमान तीन तास उशिरा आलं याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. तिकीट गेलं. नवं काढा, त्या दिवशीच्या दराने. हंगामात शनिवारी इन्सब्रुक किंवा साल्झबुर्गच्या बाजूला जाणाऱ्या विमानातला त्या दिवशीचा दर काय असतो, तो एकदा उगाच तपासून बघा.

बॅगेचा मुद्दा याहून मोठा आहे आणि लोक नेमके तिथेच अडकतात. दोन तिकिटं म्हणजे मधल्या विमानतळावर बॅग पट्ट्यावरून उचलायची आणि पुढच्या कंपनीच्या काउंटरवर पुन्हा द्यायची. पट्टा इमिग्रेशनच्या पलीकडे असतो. म्हणजे त्या देशात रीतसर प्रवेश करायचा, म्हणजे त्या देशाचा व्हिसा हवा. मधला थांबा फ्रँकफर्ट असेल तर तुमच्या शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या) भागतं. तो इस्तंबूल असेल तर तुर्कस्तानचा व्हिसा लागतो, लंडन असेल तर ब्रिटनचा, आणि ब्रिटन शेंगेनमध्ये नाही. "आपण नुसते विमान बदलतोय, बाहेर कुठे जातोय" हे वाक्य दोन तिकिटांच्या प्रवासात खोटं ठरतं. बऱ्याचदा हे इस्तंबूलपर्यंत जाऊन कळायचीही वेळ येत नाही. मुंबईच्या काउंटरवरच पुढचा व्हिसा विचारतात आणि नसेल तर बोर्डिंग पास देत नाहीत.

आता ओळखायचं कसं? इथे माझं सगळ्यांशी भांडण आहे. "पीएनआर एकच आहे ना" हा पुरावा म्हणून पुढे केला जातो. आपल्याला पीएनआर रेल्वेने शिकवला. रेल्वेत पीएनआर म्हणजेच तिकीट. विमानात तसं नाही. पीएनआर ही आरक्षणाची नोंद. एका नोंदीत दोन वेगळी तिकिटं बसू शकतात, आणि एकाच तिकिटावर दोन कंपन्यांची विमानं असतील तर पीएनआर दोन दिसू शकतात. त्यातून वेबसाइटचा स्वतःचा बुकिंग आयडी असतो. तो तर पीएनआरही नसतो, पण लोक तोच वाचून दाखवतात.

बघायचा तो ई-तिकीट क्रमांक. तेरा आकडी असतो. पहिले तीन आकडे तिकीट काढणाऱ्या कंपनीचे: एअर इंडियाचे ०९८, लुफ्तान्साचे २२०, स्विसचे ७२४, टर्किशचे २३५, एमिरेट्सचे १७६. मुंबई–फ्रँकफर्ट आणि फ्रँकफर्ट–इन्सब्रुक या दोन्ही टप्प्यांपुढे तोच तेरा आकडी क्रमांक असेल, तर तिकीट एक. विमानं दोन कंपन्यांची असली तरी चालेल. क्रमांक वेगळे, तर तिकिटं दोन. एक बारकावा मात्र लक्षात ठेवा: एका तिकिटात चारच टप्पे मावतात. गोवा–मुंबई–फ्रँकफर्ट–इन्सब्रुक आणि परत असे सहा टप्पे झाले की पुढचे टप्पे लागोपाठच्या क्रमांकावर निघतात. शेवटचा आकडा एकाने पुढे, एवढाच फरक. ते जोडलेलं तिकीट आहे, घाबरू नका. काही स्वस्त कंपन्या तेरा आकडी क्रमांक दाखवतच नाहीत. तिथे सरळ त्या कंपनीच्या स्वतःच्या साइटवर जाऊन दोन्ही टप्पे एका आरक्षणात दिसतात का ते बघायचं. दुसरी कंपनी तिथे दिसतच नसेल तर ते दुसरं तिकीट आहे.

एजंटकडून काढत असाल तर "कनेक्टिंग आहे का" असं विचारू नका, तो हो म्हणेल. "सगळे टप्पे एका तिकीट क्रमांकावर आहेत का आणि बॅग शेवटपर्यंत टॅग होणार का" असं विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

काउंटरवर शेवटची खात्री बॅगेच्या टॅगवर होते. मुठीला गुंडाळतात ती लांब पांढरी पट्टी मोठ्या अक्षरांत शेवटच्या विमानतळाचे तीन वर्ण दाखवते, मधले थांबे लहान अक्षरांत असतात. इन्सब्रुकला निघालात तर मोठ्या अक्षरांत 'आयएनएन' हवं. 'एफआरए' असेल तर बॅग फ्रँकफर्टलाच उतरणार. काउंटर सोडायच्या आधी वाचा, बॅग आत गेल्यावर नको. कधीकधी काउंटरवरची व्यक्ती मेहेरबानी करून दोन तिकिटांवरही बॅग पुढपर्यंत टॅग करून देते. त्याने बॅग पुढे जाते, जबाबदारी जात नाही. विमान चुकलं तर तुम्ही तिथेच आहात, आणि बॅगही.

आपल्याकडचा खास कोकणी घोळ याच्या अगदी उलट बाजूने होतो. गोव्यातल्या मोपा विमानतळाहून मुंबई आणि पुढे झुरिक असं व्यवस्थित एक तिकीट काढलेलं असतं. मग घरात बेत शिजतो: नाहीतरी डोंबिवलीला आत्याकडे जायचंच आहे, दोन दिवस आधी तुतारी एक्स्प्रेसने जाऊ, गोव्याचं विमान सोडून देऊ आणि मुंबईला चढू. असं कधीही करू नका! एका तिकिटाचे टप्पे क्रमानेच वापरावे लागतात. पहिल्या टप्प्याला गैरहजर राहिलात की पुढचे सगळे टप्पे आपोआप रद्द होतात, परतीसकट. मुंबईच्या काउंटरवर तुमचं नावच निघत नाही, आणि पैसे भरलेत हे दाखवून उपयोग होत नाही. मुंबईहून चढायचं असेल तर आधी कंपनीला फोन करून तिकीट बदलून घ्या, फरक पडेल तो भरा. नाहीतर पहिल्यापासून मुंबईचंच काढा.

तुतारी, कोकणकन्या किंवा मांडवीने मुंबई गाठून विमान पकडणं हा अर्थातच नेहमीच दोन तिकिटांचा प्रवास आहे. रेल्वेने १ एप्रिल २०१९ पासून दोन गाड्यांचे पीएनआर जोडायची सोय दिली. पहिली गाडी उशिरा आल्याने दुसरी चुकली तर चुकलेल्या टप्प्याचे पैसे न कापता परत मिळतात. ही सोय रेल्वे ते रेल्वे आहे. विमानाशी तिचा काडीचा संबंध नाही. कोकण रेल्वेचा मार्ग बराचसा एकेरी आहे, एका गाडीचा उशीर मागच्यांना भोवतो. म्हणून माझं मत पक्कं आहे: विमान रात्रीचं असलं तरी आदल्या दिवशी मुंबईत पोचायचं. सकाळी कोकणकन्येतून उतरून दुपारचं आंतरराष्ट्रीय विमान पकडण्याचे बेत मला आवडत नाहीत. न्यूझीलंडला क्वीन्सटाउनचा बर्फ गाठायचा असेल तर त्याहून जास्त सावध राहा, कारण तिथला हंगाम आपल्या पावसात येतो आणि तेव्हा कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकावर धावते.

बाकीचे फरक चटकन सांगतो. नॉनस्टॉप म्हणजे मधे कुठेच न उतरणारं. डायरेक्ट विमान मधे उतरू शकतं, विमानाचा क्रमांक मात्र तोच राहतो. गोव्यात दाबोळी आणि मोपा हे वेगळे विमानतळ आहेत, तिकिटावर 'जीओआय' म्हणजे दाबोळी आणि 'जीओएक्स' म्हणजे मोपा. सावंतवाडीकराला मोपा हाकेवर, दाबोळी चांगलीच लांब. मुंबईत आंतरराष्ट्रीय उड्डाणं टर्मिनल २ म्हणजे टी२ वरून, देशांतर्गत टी१ किंवा टी२ वरून, आणि दोन्हींमध्ये रस्त्याने जावं लागतं. आता नवी मुंबईचाही विमानतळ सुरू झाल्याने "मुंबई" एवढंच वाचून थांबू नका. परतताना बॅग गोव्यापर्यंत टॅग असली तरी मुंबईत कस्टमसाठी साधारणपणे उचलून पुन्हा द्यावी लागते, तिकीट एक असूनही.

परतीच्या प्रवासात एका तिकिटाची किंमत आणखी स्पष्ट दिसते. युरोपियन युनियनचा २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम आहे. युनियनमधल्या विमानतळावरून निघालात तर कंपनी कुठलीही असो, तो लागू होतो. समजा इन्सब्रुकचं विमान चाळीस मिनिटं उशिरा सुटलं, फ्रँकफर्टला मुंबईचं चुकलं आणि तुम्ही एक दिवस उशिरा मुंबईत उतरलात. एकाच बुकिंगवर हा उशीर मुंबईपर्यंत मोजतात. साडेतीन हजार किलोमीटरपुढच्या प्रवासाला ६०० युरो भरपाई मागता येते. दोन तिकिटांवर तोच उशीर फक्त फ्रँकफर्टपर्यंत मोजतात: चाळीस मिनिटं, भरपाई शून्य. उशीर हिमवादळाने झाला तर भरपाई नाही, पण एका तिकिटावर पुढचं विमान आणि जेवणखाण तरी द्यावंच लागतं. इन्सब्रुक दरीत आहे, वाऱ्यामुळे तिथली विमानं कधीकधी म्युनिककडे वळवावी लागतात, त्यामुळे हे नुसतं पुस्तकी समजू नका. शिमग्याला पालखी घरी यायच्या आदल्या दिवशीचं परतीचं तिकीट दोन तुकड्यांत काढणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की काढू नका.

बॅग उशिरा आली तरी हाच फरक पडतो. मॉन्ट्रियल करार भारताला ३० जून २००९ पासून लागू आहे. उशिरा मिळालेल्या बॅगेची लेखी तक्रार ती हाती आल्यापासून २१ दिवसांत, मोडतोडीची ७ दिवसांत. एका तिकिटावर तुम्ही पहिल्या किंवा शेवटच्या कंपनीकडे दावा लावू शकता. दोन तिकिटांवर दोघी एकमेकींकडे बोट दाखवतात आणि जॅकेट, हातमोजे, गॉगल नसताना तुम्ही हॉटेलात बसता. बॅग आली नाही तर विमानतळ सोडायच्या आधी तक्रारीचा पीआयआर कागद करून घ्या, हे दोन्ही प्रकारांत.

दोन तिकिटं कधी काढावीत? मधे मुक्काम असेल तेव्हा बेधडक. इस्तंबूल दोन दिवस बघायचंय, व्हिसा आहे, मग पुढे जॉर्जियाची राजधानी तिबिलिसी. उत्तम, पैसेही वाचतील. एका रात्रीचंसुद्धा अंतर पुरे. मला आक्षेप आहे तो तीन-चार तासांच्या फटीवर केलेल्या दोन तिकिटांना.

विमानतळावरून बर्फापर्यंतचा शेवटचा टप्पाही याच नजरेने बघा. स्वित्झर्लंडमधल्या झेरमाटला खासगी मोटारींना बंदी आहे, सहसा आगगाडीनेच जावं लागतं. स्वित्झर्लंडमधलं नेहमीच्या दराचं रेल्वे तिकीट त्या दिवसाच्या कुठल्याही गाडीला चालतं. स्वस्त 'सुपरसेव्हर' मात्र एकाच गाडीला बांधलेलं असतं. पोचायच्या दिवशी सुपरसेव्हर घेऊ नका, परतीला घ्या. गुदौरीला तिबिलिसीहून साधारण १२० किलोमीटर घाटरस्ता आहे. ठरवलेल्या गाडीवाल्याला विमानाचा क्रमांक देऊन ठेवा, म्हणजे उशीर झाला तरी त्याला कळेल.

स्की घरून नेण्याच्या भानगडीत पहिल्यांदा जाणाऱ्याने पडू नये, तिथे भाड्याने मिळतात. ज्यांच्याकडे स्वतःच्या आहेत त्यांनी दोन्ही कंपन्यांचे सामानाचे नियम वेगवेगळे वाचावेत. मुंबईहून ३० किलो नेऊ देणाऱ्या कंपनीनंतर युरोपातली स्वस्त कंपनी २० किलोवर थांबवते आणि स्कीचे पैसे निराळे घेते, तेही जाताना एकदा आणि येताना एकदा. स्वस्त पडलेल्या दोन तिकिटांचा हिशेब करताना ही रक्कम, मधला व्हिसा आणि मुक्काम हे सगळं धरून बेरीज करा आणि मग एका तिकिटाचा दर शेजारी लिहा.