जागृत मेंदू-शस्त्रक्रिया

रुग्ण शुद्धीवर असताना, त्याच्याशी बोलत बोलत मेंदूतील गाठ (अर्बुद) काढण्याची पद्धती. वाचा किंवा हातापायांची हालचाल सांभाळणाऱ्या भागाला खेटून वाढणाऱ्या ग्लायोमा (मेंदूतील आधारपेशींपासून होणाऱ्या) प्रकारच्या गाठींसाठी ती मुख्यतः वापरतात. अपस्मारावरील शस्त्रक्रियेतही तिचा उपयोग होतो. मेंदूच्या ऊतकाला स्वतःला वेदना होत नाहीत. डोक्याची त्वचा व मेंदूवरचे जाड आवरण यांना मात्र होतात. म्हणून तेवढे बधिर करावे लागते.

पद्धतीचा उगम कोठे धरावा, याबद्दल एकमत नाही. पेरूमधील भोके पाडलेल्या प्राचीन कवट्यांचा दाखला देऊन तो फार मागे नेला जातो. भोकांच्या कडा भरून आलेल्या दिसतात, त्यावरून बरेच रुग्ण जगले असावेत. पण भूल उपलब्ध नसल्याने जागे राहणे आणि मेंदूचे कार्य तपासण्यासाठी मुद्दाम जागे ठेवणे या वेगळ्या गोष्टी आहेत. बल्लाळाच्या भोजप्रबंधातील भोजराजाच्या कवटीवरील शस्त्रक्रियेची कथाही येथे सांगितली जाते. तिथे राजाला मोहचूर्णाने बेशुद्ध केल्याचे वर्णन आहे. शिवाय ग्रंथ साधारणतः सोळाव्या शतकातला, म्हणजे भोजानंतर सुमारे पाच शतकांनी रचलेला मानतात. तो पुरावा म्हणून घेता येत नाही.

१८७० मध्ये फ्रिच व हिटसिख या जर्मन संशोधकांनी कुत्र्याच्या मेंदूला विद्युत प्रवाह देऊन स्नायूंची हालचाल घडवली. १८७४ मध्ये अमेरिकेतील सिनसिनाटी येथे डॉक्टर रॉबर्ट बार्थोलो यांनी व्रणामुळे मेंदू उघडा पडलेल्या, शुद्धीवर असलेल्या एका रुग्णेवर तसाच प्रयोग केला. तो उपचारासाठी नव्हता आणि ती स्त्री थोड्याच दिवसांत दगावली. उगमाचा मान या घटनेला देणे उचित वाटत नाही. १९०९ मध्ये अमेरिकी मेंदू-शल्यविशारद हार्वी कुशिंग यांनी शुद्धीवरील दोन रुग्णांत मेंदूतील स्पर्शसंवेदनेचे क्षेत्र विद्युत प्रवाहाने उद्दीपित केल्याचे नोंदवले. पद्धतीचे श्रेय बहुधा कॅनडातील माँट्रिऑलचे मेंदू-शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड यांना दिले जाते. परंतु ते स्वतः १९२८ मध्ये तेव्हा जर्मनीत असलेल्या ब्रेस्लाऊला मेंदूतज्ज्ञ ओटफ्रिड फर्स्टर यांच्याकडे शिकायला गेले होते. एका व्यक्तीपेक्षा कुशिंग, फर्स्टर, पेनफिल्ड अशी परंपरा मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

कवटी उघडेपर्यंत रुग्णाला झोपवतात, मग जागे करतात. दोन टोकांच्या शलाकेने मेंदूच्या पृष्ठभागाला काही मिलिअँपिअरचा प्रवाह देताना त्याला चित्रे दाखवली जातात. चित्राचे नाव अडले, की तिथे आकडा लिहिलेली चिमुकली कागदी चिठ्ठी ठेवायची; ती जागा कापायची नाही. प्रवाहाने अपस्माराचा झटका आलाच तर मेंदूवर बर्फगार द्राव ओततात. तो बहुधा लगेच थांबतो. १९८९ मध्ये जॉर्ज ओजमन व सहकाऱ्यांनी ११७ रुग्णांच्या अभ्यासातून दाखवले, की वाचेच्या जागा माणसागणिक बदलतात. पुस्तकातल्या नकाशावर विसंबून कापणे म्हणूनच धोक्याचे.

२०१२ मध्ये ८,०९१ रुग्णांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात शस्त्रक्रियेत प्रवाहाने असे उद्दीपन वापरलेल्यांत गंभीर व टिकणारे व्यंग ३.४ टक्के, न वापरलेल्यांत ८.२ टक्के आढळले. रुग्णांची यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकल्यासारखी) विभागणी यात नव्हती, हे ध्यानात ठेवावे. तरीही फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही. गाठ गुलाबी-लाल चमकवणारे पाच-ॲमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल आणि आयडीएच या जनुकात उत्परिवर्तन (बदल) असलेल्या, मंद गतीने वाढणाऱ्या गाठींसाठी २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले व्होरासिडेनिब हे औषध ही अलीकडची साधने आहेत.

चित्रांची नावे आली म्हणजे सारे शाबूत राहिले, असे नाही. पेनफिल्ड यांनी सख्ख्या बहिणीच्या, रूथच्या, कपाळामागील भागातील गाठ काढली. तिची वाचा टिकली. पण सुमारे सव्वा वर्षाने एका पाहुण्यासह घरच्यांसाठी रात्रीचे जेवण करताना एकदोन पदार्थ चुलीवर चढले, मांसाला हात लागला नव्हता, आणि ती कासावीस होऊन उभी होती. क्रम लावण्याच्या, नियोजनाच्या क्षमतांची चाचणी आता फ्रान्समधील मोंपेलिए येथील ह्यूग द्युफो यांच्यासारखे शल्यविशारद शस्त्रक्रियेदरम्यानच करू लागले आहेत.

महाराष्ट्रात मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रात (कर्करोग रुग्णालयात) ही शस्त्रक्रिया होते. मराठीत चाचणी घेताना ‘हा आंबा’, ‘ही किल्ली’, ‘हे घर’ असे लिंग नामाआधीच निवडावे लागते. केवळ इंग्रजी चाचणीचा अनुवाद करून हे तपासले जात नाही. घरी मराठी व कामावर हिंदी बोलणाऱ्याच्या दोन्ही भाषा तपासाव्या लागतात, कारण काही जागा एकाच भाषेच्या असू शकतात.