ब्रिटनचा ग्रॅज्युएट व्हिसा: खर्च, कागदपत्रे आणि 31 डिसेंबर 2026

ब्रिटनमध्ये पदवी झाल्यावर नोकरी शोधायला थांबायचे तर बहुतेकांना ग्रॅज्युएट व्हिसाच काढावा लागतो. त्याला नोकरीचे पत्र लागत नाही, आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा लागत नाही, खात्यात शिल्लकही दाखवावी लागत नाही. लागतात ते पैसे, आणि तेही एकरकमी.

एप्रिल 2025 च्या दराने अर्जाचे शुल्क 880 पौंड. त्याहून जड आहे तो तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा आरोग्य अधिभार: प्रौढाला वर्षाला 1,035 पौंड, सगळ्या मुदतीचा एकदम. (स्टुडंट व्हिसावर हाच अधिभार 776 होता.) बॅचलर्स आणि मास्टर्सवाल्यांना मिळणाऱ्या दोन वर्षांचे मिळून 2,950 पौंड, पौंड 115 रुपयांना धरला तर सुमारे 3 लाख 40 हजार रुपये. पीएचडीवाल्यांना 3 वर्षे मिळतात, त्यांचे 3,985 पौंड होतात. शुल्क बहुधा एप्रिलमध्ये वाढते, म्हणून पैसे भरण्याआधी सरकारी संकेतस्थळावरचा त्या दिवसाचा आकडा बघा. अर्ज नाकारला तर अधिभार परत येतो, शुल्क येत नाही. आणि व्हिसा मिळाल्यावर सहा महिन्यांत कंटाळून परत आलात, तर उरलेल्या काळाच्या अधिभारातले काहीही मिळत नाही.

1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्या बॅचलर्स आणि मास्टर्सवाल्यांना 2 वर्षांऐवजी 18 महिनेच मिळतील. पीएचडीची मुदत तशीच राहील. वरच्या दराने 18 महिन्यांचे 2,432 पौंड 50 पेन्स होतात. म्हणजे एकूण रक्कम कमी, पण महिन्याचा खर्च 123 पौंडांवरून 135 वर. मोजली जाते ती अर्जाची तारीख, मंजुरीची नाही. सप्टेंबर 2025 मध्ये एक वर्षाच्या मास्टर्सला गेलेल्यांची इथेच गोची होते. स्टुडंट व्हिसा जानेवारी 2027 पर्यंत असतो, म्हणून निवांत राहिलात तर सहा महिने गेले.

मात्र घाईने अर्ज टाकूनही चालत नाही. तुम्ही कोर्स यशस्वीपणे पूर्ण केल्याचे विद्यापीठाने होम ऑफिसला (ब्रिटनच्या गृहखात्याला) कळवलेले असावे लागते. तसे कळवल्याचा निरोप येण्याआधी अर्ज केला तर नकार येतो आणि अर्जाचे शुल्क बुडते. पदवीदान समारंभाची किंवा प्रमाणपत्राची वाट पाहायची गरज नाही. प्रबंध पुन्हा सादर करावा लागणार असेल तर विद्यापीठाच्या व्हिसा विभागाला तारीख आजच विचारा. निकालाचे वेळापत्रक त्यांच्याच हातात असते.

अर्ज करताना तुम्ही ब्रिटनमध्येच असायला हवे आणि स्टुडंट व्हिसा चालू हवा. 12 महिन्यांपर्यंतचा कोर्स पूर्णपणे तिथे राहून, त्याहून मोठा असेल तर किमान 12 महिने तिथे राहून केलेला हवा. कागद थोडेच: पासपोर्ट, सीएएस क्रमांक (स्टुडंट व्हिसासाठी विद्यापीठाने दिलेला प्रवेशाचा क्रमांक) आणि ई-व्हिसाचे म्हणजे ऑनलाइन व्हिसाचे खाते. गेल्या 12 महिन्यांत एखाद्या सरकारने किंवा आंतरराष्ट्रीय शिष्यवृत्ती संस्थेने फी आणि राहण्याचा खर्च दोन्ही दिले असतील तर त्यांचे संमतीपत्र जोडावे लागते. हा कागद अनेकांच्या लक्षातच येत नाही. ओळख पटवायला मोबाईल अ‍ॅपवर पासपोर्टची चिप स्कॅन करायची असते. पासपोर्टचे कव्हर काढून, फोन चिपवर स्थिर टेकवा.

निर्णय सहसा 8 आठवड्यांत होतो. तोपर्यंत भारतात येऊ नका, घरात लग्न असले तरी. निर्णयाआधी देश सोडला की अर्ज मागे घेतला असे धरतात. (आयर्लंड, चॅनेल आयलंड्स आणि आइल ऑफ मॅन याला अपवाद.)

जोडीदार किंवा मुले आधीपासून तुमच्या स्टुडंट व्हिसावर अवलंबित असतील तरच त्यांना अर्ज करता येतो (त्या काळात ब्रिटनमध्येच जन्मलेले मूल याला अपवाद), आणि प्रत्येकाचे शुल्क व अधिभार वेगळा. 18 वर्षांखालील मुलांचा अधिभार वर्षाला 776 पौंड.

हा व्हिसा वाढवून मिळत नाही. मुदत संपण्याआधी स्किल्ड वर्करवर, म्हणजे कंपनीने स्पॉन्सर केलेल्या नोकरीच्या व्हिसावर जायचे असते, तिथे पगाराची सर्वसाधारण अट 41,700 पौंड आहे. नव्याने कामाला लागणाऱ्यांसाठी ती 33,400 आहे, पण ही सवलत एकूण 4 वर्षांचीच आणि त्यात ग्रॅज्युएट व्हिसावर घालवलेला काळही धरला जातो. शिवाय कायमच्या वास्तव्यासाठी स्किल्ड वर्करवर जी वर्षे मोजतात, त्यात ग्रॅज्युएटची वर्षे येत नाहीत. म्हणून कोर्स संपतानाच कुणी स्पॉन्सरशिप देत असेल, तर स्टुडंटवरून थेट स्किल्ड वर्कर घेणे अधिक फायद्याचे.